सुलतानबीचा हंडा

सुलतानबी वाकळा शिवायची. जुनी लुगडी, धोतरं, विटलेले सदरे एकावर एक अंथरायची आणि इतके बारीक टाके घालायची की धुऊन धुऊन कापड विरायचं, पण टाका सुटायचा नाही. उंबरवाडीत तिच्या हातची वाकळ नाही असं घर सापडलं नसतं. लग्न होऊन मी गडहिंग्लजकडून या गावात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात ती आमच्या सोप्यात येऊन बसली. सासूबाईंनी दिलेलं कपड्यांचं गाठोडं काखेत मारलं, मला खालवर न्याहाळलं आणि म्हणाली, "सून लई बारीक हाय. वाकळ जरा जाड घालतो."

कोल्हापूरकडच्या बायकांसारखी तीही "मी येतो, मी घालतो" असंच बोलायची. मला राग आला होता. ही कोण मला बारीक म्हणणारी? पुढं त्याच वाकळेत माझी पोरं वाढली आणि मी तिला आमच्या तिकडच्या रिवाजाप्रमाणं अक्का म्हणायला लागले, ही गोष्ट वेगळी. उंच, काळीसावळी, हाडापेरानं मजबूत बाई. आवाज असा की गल्लीच्या या टोकाला ती नवऱ्याला हाक मारायची आणि त्या टोकाला माझा नवरा दचकायचा.

तिचा नवरा मीरासाब हा पिराचा मुजावर. स्वभावानं अगदी गरीब गाय. गावात मुसलमानांची घरं मोजकीच, पण पीर साऱ्या गावाचा. मोहरमात तालमीत पिराचे पंजे बसले की मराठ्यांची पोरं तिथंच मुक्कामाला असायची, आमच्या घरातून मलिदा जायचा आणि दहा दिवस दोन्हीकडच्या मानकऱ्यांच्या घरात मासमच्छी बंद. पीर उचलायचा मान आमच्या घराण्याकडं. तो कुणी दिला, कधी दिला, कुणाला ठाऊक नाही. पण कुणी काढून घेईल म्हटलं असतं तर डोकी फुटली असती.

पीर उचलणारा कत्तलीच्या, म्हणजे नवव्या, रातीपासून पाण्याचा थेंब घेत नाही. दुसऱ्या दिवशी वेळूच्या काठीवरचा तो चांदीचा पंजा, रेशमी कापडांनी सजवलेला, खांद्याशी धरून गावभर फिरायचं, मग नदीवर जायचं. कमरेइतक्या पाण्यात उतरून पंजा धुवायचा आणि तिथंच नदीच्या तीन ओंजळी पिऊन उपास सोडायचा. त्यानंतर घाटावर सुलतानबीचं सरबत. मळ्यातल्या विहिरीचं पाणी, गूळ, बडीशेप. मोठ्या तांब्याच्या हंड्यात ती ते कालवायची आणि आल्यागेल्याला पाजायची. मोहरमात तिचं काम एवढंच.

आमच्या यजमानांचं नाव गुंडू. आता म्हातारपणी नाव घ्यायला लाज कसली? पासष्ट सालच्या मोहरमात त्यांच्या अंगात ताप होता. मीरासाबच म्हणाला, "ओठ वलं कर, पुरं झालं." यांनी ओठ ओले केले. आणि त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला. झालं! गुंड्यानं पिराला फसवलं, गुंड्यानं गावाचा पाऊस घालवला, असं जो तो बोलायला लागला. पोलीस पाटील गणपतराव तर चारचौघांत म्हणाले, "तीन ओंजळीला जो महाग, त्येनं मान कशाला मिरवावा?" वर्षभर हा माणूस मान खाली घालून फिरत होता. रात्री जेवताना मध्येच घास खाली ठेवायचा.

सहासष्टचा मोहरम भर वैशाखात आला. नदीची धार केव्हाच तुटली होती. गावाखाली बंधारा आहे. पावसाळा सरला की त्याच्या खांबांमधून लाकडी बरगे घालून पाणी अडवतात. त्यामुळं आमच्या घाटापाशी पाणी होतं, पण नुसतं उभं. उन्हाळ्यात ते थोडं हिरवट व्हायचंच. त्या वर्षी मात्र त्याच्यावर साय धरली. रंगाचा डबा सांडावा तशी हिरवीगार, जाड साय. वारा आला की ती घाटाच्या पायऱ्यांशी येऊन साचायची आणि तिला कुजक्या गवतासारखा वास यायचा.

पहिल्यांदा सुलतानबीची बदकं गेली. सकाळी तिनं ती पाण्यात सोडली आणि दुपारी ती काठावर माना वाकड्या करून पडली. तिनं मुंगसाला शिव्या घातल्या आणि बदकं पुरून टाकली.

मग मासे वर आले. धुणं घेऊन मी घाटावर गेले तर पाणीच दिसेना. मरळ, वाम, खवली, बोटाएवढी चिंगळी, सगळी पोटं वर करून. गावात आनंदीआनंद! आमच्या भागात डोहात गेळफळं कुटून टाकायची जुनी रीत आहे. त्यानं मासे भुलतात, वर येतात, आणि ते खाल्लेले बाधत नाहीत हे पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान. तेव्हा वरच्या अंगाला कुणीतरी गेळफळं टाकली असणार असं सगळे धरून चालले. कुणी टाकली हे विचारायच्या आधी बुट्ट्या भरल्या. आमच्या शेजारचा आकाराम तर आम्हाला चिडवायला अंगणातच तवा मांडून बसला. "वैनी, पिराला इचारा, एक तुकडा चालंल का!" बारकी मासळी तो न साफ करताच कुरकुरीत तळून खायचा.

दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर गल्लीतली कुत्री मरून पडली होती. त्यांनी माशांची काढून टाकलेली आतडी खाल्ली होती. ज्यांनी मासे खाल्ले त्यांच्या घराघरांतून ओकाऱ्या सुरू झाल्या. आकारामाला बैलगाडीत घालून कोल्हापूरला सरकारी दवाखान्यात नेलं, तेव्हा त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. गेळफळं जास्त झाली, असं म्हणून लोकांनी मन समजावलं. पण संध्याकाळी चिमणाबाईची दुभती म्हैस घाटावर पाणी प्यायली आणि घरापर्यंतसुद्धा आली नाही. वाटेतच पाय ताणून पडली. चिमणाबाई तिच्या गळ्यात पडून रडत होती आणि बघणारे एकमेकांकडं बघत नव्हते.

कत्तलीच्या रातीआधी पिरासमोर बैठक बसली. बायका बाहेर ओट्याशी. आत नदीचं नाव कुणी काढेना. उद्या वाजंत्री कुणाची, पिरापुढच्या जाळाच्या खाईला लाकडं किती, हेच चाललेलं. शेवटी सुलतानबी दाराशी उभी राहिली.

"माझ्या बदकांनी कुठं मासं खाल्लं हुतं?" ती म्हणाली. "चिमणाबाईची म्हस मासं खाती व्हय? पाण्यातच इख हाय. ह्या पाण्यात परवा गुंडू उतरणार आणि त्येच पिणार. बोला की कुणीतरी!"

सगळ्यांना ते कळत होतं. न कळण्यासारखं काय होतं त्यात? पण सलग दुसरं वर्ष कोरडं गेलं तर काय, ही भीती त्या विषापेक्षा मोठी होती. गणपतरावांनी पटका सारखा केला. "पिराच्या पाण्याला इख लागत न्हाय," ते म्हणाले. "आणि गेल्या साली नुसतं व्हटावर भागवलं, त्येचं फळ भोगतोय न्हवं गाव?"

"मग चार बरगे तरी काढा. घाण जाऊ द्या खाली."

"आणि ऊस कशावर जगवायचा? तुझ्या सरबतावर?"

हसले काही जण. मीरासाबनं बायकोला हातानंच घरात जायची खूण केली. मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. तो बोलला असता तर गावानं ऐकलं असतं. मुजावराचा शब्द होता तो. पण मुजावरानंच पिराचा रिवाज मोडला असा ठपका कुणाला हवा असतो? त्यानं उदाची वाटी पुढं ओढली आणि फुंकर मारत बसला.

घरी आल्यावर माझं आणि यांचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हणाले, "नुसती ओंजळ तोंडाशी न्या, पिऊ नका. कोण बघतंय?"

"गाव बघतंय. गेल्या साली बी बघितलंच की."

"गावाला बघू दे. तुमच्या पोरीकडं कोण बघणार?"

आमची थोरली तेव्हा सहा महिन्यांची होती. माझ्या मांडीवर झोपली होती. यांनी तिच्याकडं पाठ फिरवली. "वरीसभर त्वांड लपवून फिरलोय, ताने," ते म्हणाले. "यंदा तीन ओंजळी भरून पिणार. मेलो तर मेलो." मला त्या क्षणी त्या माणसाचा इतका संताप आला की तवा उचलून मारावासा वाटला. आणि त्यांची कीवही आली.

सकाळी मी सुलतानबीकडं गेले. ती गूळ फोडत होती. मीरासाब कोपऱ्यात पंजाची कापडं घडी करत होता; दोघांत रात्रभर वाजलं असावं, दोघांचेही डोळे लाल. "अक्का," मी म्हणाले, "हे ऐकत न्हाईत. तुम्हीच काहीतरी करा."

तिनं गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला. "काय करायचं त्येच सुचंना बघ मला," ती म्हणाली. "पण बघतो." एवढंच. मला वाटलं होतं तिच्याकडं काही तोड असेल. नव्हती. गुळाचा खडा मुठीत घेऊनच मी घरी आले.

दहाव्या दिवशी दुपार कलल्यावर पीर निघाला. हलगी कडाडत होती, "या हुसेन"चा गजर चालला होता, पण नदी जवळ आली तसा गजर बारीक होत गेला. वासच तसा होता. काठाच्या चिखलात कासवं उलथी पडली होती. बगळ्यांच्या जातीच्या ढोकऱ्या पंख पसरून मेल्या होत्या. मेलेले मासे त्यांनी खाल्ले असणार. आणि घाटाच्या अगदी खालच्या पायरीशी पाणमांजरांची जोडी. मी माहेरहून आल्यापासून ती जोडी बघत होते. पोरासारखी खेळायची पाण्यात. आता दोन्ही एकमेकांना लागून तरंगत होती आणि त्यांच्या मिशांना हिरवी साय चिकटली होती. एवढ्या मेलेल्या जीवांवर आभाळात एक घारसुद्धा नव्हती.

तालमीच्या पोरांनी लांब वेळूनं सगळं बाजूला ढकललं. साय सारली. खालचं पाणी निवळ दिसायला लागलं. "बघा," गणपतराव म्हणाले, "पिरासाठी पाणी नितळलं!" आणि लोकांना तेवढंच हवं होतं. गजर पुन्हा चढला.

त्या दिवशी बायकांनी वरच्या पायरीच्या खाली यायचं नाही असा रिवाज. मी पोरीला घेऊन वर उभी होते. हे पाण्यात उतरले. कालपासून पाणी नाही, ओठांना भेगा पडलेल्या, चेहरा खाईच्या धगीनं काळवंडलेला. कमरेइतक्या पाण्यात जाऊन त्यांनी पंजा बुडवला, वर काढला आणि शेजारी उभ्या मीरासाबच्या हातात दिला. गजर थांबला. आता ओंजळी प्यायच्या. सगळा गाव त्यांच्या हातांकडं बघत होता.

ते वाकले. ओंजळ भरली.

"गुंडू, थांब!"

सुलतानबी डोक्यावर हंडा घेऊन पायऱ्या उतरत होती. वरची पायरी ओलांडली, दुसरी ओलांडली, थेट पाण्याच्या काठाशी. पुरुष मागं सरले, तिला अडवायचं कुणाला सुचलं नाही. गणपतराव ओरडले, "बाईमाणूस पिराच्या पाण्याजवळ? मीरासाब, आवर तिला!"

मीरासाब हलला नाही. पंजा खांद्याशी धरून तो पाण्यातच उभा राहिला.

"रातभर कथा ऐकलीस न्हवं?" सुलतानबी यांना म्हणाली. "करबल्याची. दरसाल ऐकतोस. नदी म्होरं वाहती, दुश्मनानं वाट अडवलेली, आणि तंबूत लेकरं तान्हेली. मग हुसेनचा भाऊ अब्बास पाण्यात उतरला. ओंजळ भरली त्येनं. प्याला का?"

यांच्या ओंजळीतून पाणी थेंब थेंब गळत होतं.

"सांग की रं! प्याला का?"

"न्हाय," हे म्हणाले. आवाज इतका कोरडा की मला ओळखू आला नाही.

"का न्हाय प्याला?"

"तंबूत लेकरं तान्हेली हुती म्हणून."

"मग तुझं लेकरू वर पायरीवर हाय. बघ तिकडं."

यांनी वर बघितलं. माझ्याकडं नाही, पोरीकडं. मी तिला घट्ट धरलं होतं आणि ती रडत होती. तेवढा एकच आवाज होता घाटावर.

"हातात घेतलेलं पाणी सोडून माघारी फिरलेल्याचा हा दिवस हाय," सुलतानबी म्हणाली. आता ती ओरडत नव्हती. "त्यो पीर. आणि तू पिऊन दावणार? त्येच्यापरास मोठा हाईस व्हय तू?"

मग यांची बोटं सुटली. पाणी पाण्यात पडलं. हे चिखलातून पाय ओढत काठावर आले, सुलतानबीच्या पुढ्यात गुडघ्यावर बसले आणि दोन्ही हात पुढं केले. तिनं हंडा कलता केला. तीन ओंजळी प्यायले, आणि चौथीही. मी तिथंच पायरीवर बसले आणि पोरीला पदराखाली घेतलं.

"आणि पाऊस न्हाय आला तर?" गणपतरावांनी विचारलं. आता त्यांच्या आवाजात राग कमी आणि धास्ती जास्त होती.

"तर माझ्या दारात या. रिवाज म्या मोडलाय, ह्येनं न्हाय."

तेव्हा मीरासाब पाण्यातून बाहेर आला. आयुष्यात त्या माणसानं कधी गणपतरावांसमोर मान वर केली नसेल. त्यानं पंजा बायकोच्या हंड्याखाली धरला. "घाल," तो म्हणाला. तिनं उरलेलं सरबत पंजावर ओतलं. गूळपाण्यानं पंजाची रेशमी कापडं चिकट झाली. मीरासाब रडत होता, आणि बघणाऱ्यांत रडणारे बरेच होते, पण कबूल कुणी केलं नसतं.

इथं संपली असती तर गोष्ट गोड झाली असती. पण मृग कोरडा गेला, आणि गावानं सुलतानबीचं नाव घ्यायला सुरुवात केली. वाकळेसाठी कुणी कपडे देईना. विहिरीवर ती आली की बायका घागरी उचलून चालू लागायच्या. एका सकाळी तिच्या अंगणात मेलेलं कासव टाकलेलं सापडलं. मी रोज तिच्याकडं जाऊन बसायचे. सासूबाई कुरकुरायच्या, मी उलट उत्तर द्यायचे. माझं तोंड तेव्हाही असंच होतं. सुलतानबी मात्र रिकाम्या हातांनी दाराशी बसून आभाळाकडं बघायची. भीती तिलाही होती. ती लपवायची नाही. "ताने," म्हणायची, "दारात आलं तर काय दिऊ गं ह्यास्नी?"

आर्द्रात पाऊस लागला. बंधाऱ्याचे बरगे निघाले, गढूळ लोंढा आला आणि सगळी हिरवी घाण घेऊन गेला. आकाराम दवाखान्यातून परत आला, अर्धा होऊन, आणि मेलो तरी मासा खाणार नाही म्हणाला. चिमणाबाई जुन्या लुगड्यांचं गाठोडं घेऊन सुलतानबीच्या दारात गेली. चुकलं असं ती बोलली नाही, कुणीच बोललं नाही. सुलतानबीनं गाठोडं सोडलं, लुगडं ताणून बघितलं आणि म्हणाली, "जरा विरलंय, पण चालंल." उभ्या पाण्यात उन्हाळ्यात धरणाऱ्या त्या सायीतच विष असू शकतं, हे पुष्कळ वर्षांनी मी वर्तमानपत्रात वाचलं आणि तिला वाचून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं आणि सुईत दोरा ओवायला मला सांगितलं.

आता पीर माझा मुलगा उचलतो. नदी भरलेली असो की आटलेली, तो ओंजळ भरतो, सोडतो आणि काठावर येऊन मुजावरांच्या हंड्यातलं सरबत पितो. ही रीत पहिल्यापासूनची आहे असं नवी पोरं पावण्यांना सांगतात. मी त्यांना दुरुस्त करत नाही.

मात्र एक गोष्ट सांगायची राहिली. त्याच साली, पाऊस लागल्यावर, हे सुलतानबीकडं पोरीची वाकळ आणायला गेले होते. मी सोबत होते. हे बराच वेळ दारात घुटमळले आणि मग म्हणाले, "अक्का, पाऊस आलाच नसता तर?"

तिनं शेवटचा टाका घातला, दोरा दातानं तोडला आणि वाकळ यांच्या हातांवर ठेवली.

"तर तू तरी जित्ता हुतास की रं," ती म्हणाली.